बुज्जीची सतरा पोरं

वैशाखातल्या सोलापुरात भर दुपारी दोन वाजता जागं राहणं हा काही गुन्हा नाही, पण शहाणपणही नाही. दिगूनाना सुरवसे शहाणे आहेत. भाकरी, शेंगाचटणी आणि वर तांब्याभर ताक पोटात गेलं की ते बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवे होतात, ओला पंचा डोळ्यांवर घेतात आणि उशाशी चाललेली बुडबुड ऐकत घोरायला लागतात. सिटी बसमध्ये तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. उभ्याउभ्या झोपायची सवय, मग आडवं झाल्यावर काय विचारता.

आज मात्र झोप उंबऱ्यापर्यंत येते आणि चपला न काढताच परत जाते.

कारण उशाशीच आहे. चार फुटी काचेची टाकी आणि तिच्यात, एका कोपऱ्यात, बुज्जी. निळ्याभोर अंगावर काळे पट्टे ओढलेली, बोटाएवढी मासोळी. आज सकाळी नानांनी चिमूटभर खाणं टाकलं आणि बुज्जीनं ते खाल्लं. ते बघून नाना मटकन खाली बसले.

टाकी मुळात राजेशम कुरापाटीची. राजेशम म्हणजे नानांचा चाळीस वर्षांचा दोस्त, पूर्व भागातला, चादरींची नक्षी काढणारा. पुठ्ठ्यांना भोकं पाडून तो मागावर असा वाघ उतरवायचा, की चादर पांघरणारा माणूस रात्री कुशीवर वळायच्या आधी वाघाची परवानगी घ्यायचा. निदान नाना तरी असं सांगतात. त्याचा दुसरा नाद आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले रंगीत मासे, सिक्लिड. ज्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात हे मासे माहेरी आल्यासारखे अंग धरतात. राजेशमनं शहाबादी फरशीचे तुकडे रचून त्यांना घरं बांधून दिली आणि बघता बघता आफ्रिकेचं बिऱ्हाड सोलापुरात नांदायला लागलं.

ह्या माशांची एक रीत आहे. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. पिल्लं फुटून पोहती होईपर्यंत तीन आठवडे तोंड मिटून. खाणं नाही, भांडण नाही. फारच घाबरली तर मात्र सगळी गिळून टाकते. तीन आठवडे तोंड मिटून राहायचं हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा नानांनी टाकीला हात जोडले होते.

कारण नानांचं तोंड. ते मिटलेलं कुणी पाहिलेलं नाही. सव्वा वर्षापूर्वी राजेशमनं त्यांना कानात सांगितलं, निळीनं तोंड भरलंय, कुणाला बोलू नको. नाना कट्ट्यावर गेले आणि बोलले. नुसतं बोलले असते तरी चाललं असतं, पण नानांच्या गोष्टीत त्या मासोळीच्या तोंडातून पिल्लांचं रडणं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी राजेशमच्या दारात पन्नास माणसं. कुणी काचेवर टिचक्या मारल्या, कुणी कान लावला. संध्याकाळी निळीनं सगळी गिळली. राजेशम एवढंच म्हणाला, "तुझ्या तोंडापायी तिचं तोंड रिकामं झालं, दिग्या." मग आठ महिने बोलला नाही, आणि मग गेला.

तेराव्यानंतर राजेशमची बायको नरसम्मा हातगाडीवर टाकी घालून नानांच्या दारात आली. "जाताना म्हणाले, दिग्याला द्या. वर म्हणाले, का ते सांगू नका." तिलाही ठाऊक नव्हतं, मग सांगणार काय.

निळ्यांतली उरली होती दोनच, बुज्जी आणि तिचा नवरा. नवरा दहा दिवसांपूर्वी मेला. पण त्याआधी बुज्जीनं तोंड भरलेलं. राजेशमच्या निळ्यांचा सगळा वंश आता त्या एका तोंडात. नाना सतरा दिवस गप्प राहिले. जीभ टाळ्याला चिकटली, पण गप्प. अठराव्या दिवशी, म्हणजे काल, कट्ट्यावरच्या बनसोडे मास्तरांनी सहज विचारलं, "काय नाना, हल्ली बोलत नाही, तब्येत बरी आहे ना?" एवढ्या आपुलकीनं विचारल्यावर माणूस काय करणार. संध्याकाळी मास्तर तिघांना घेऊन आले, बरोबर मोठी बॅटरी. थेट बुज्जीच्या तोंडावर झोत.

आणि आज सकाळी बुज्जीनं खाणं खाल्लं. भरल्या तोंडाची मादी खात नाही.

नाना कूस बदलतात. टाकीची बुडबुड चालू आहे. बुडबुड, बुडबुड, बुड-खट, खट-बुड, खटक, खटक. पंचा डोळ्यांवरून सरकतो आणि पोहत निघून जातो. छताचा पंखा शेपूट हलवतो. नाना उठून बसतात तर खाट भिजलेली नाही, पण खोली गळ्यापर्यंत भरलेली आहे, आणि समोर भिंत नाही, मागांचा कारखाना आहे.

कारखाना नेहमीसारखाच आहे. चार माग, कोपऱ्यात माठ, माठावर पितळी फुलपात्र. फक्त सगळं पाण्याखाली आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. ताण्याचे उभे धागे वेलींसारखे डुलताहेत आणि त्यांच्यातून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याऐवजी पिवळा मासा जातोय. इकडून गेला की तिकडून केशरी येतो. मागावर चादर उतरतेय आणि चादरीतला वाघ बुडबुडे सोडतोय.

माग चालवणारा माणूस मान न वळवता म्हणतो, "ये बे. पाय पुसून ये."

"पाण्यात पाय कशाला पुसायचे?"

"सवय मोडू नये."

राजेशम आहे. तोच बनियन, तीच लुंगी, कानाला पेन्सिल. मेल्यापासून त्याची तब्येत सुधारलीय असं नानांना वाटतं आणि ते तसं म्हणतातही.

"इथं तुझी बडबड नाही ना," राजेशम म्हणतो. "झोप होते."

अबोल्याचे आठ महिने अधिक मरणानंतरचे सात महिने, पंधरा महिन्यांचं बोलणं नानांच्या आत साठलंय. त्यात एक गोष्ट अशी आहे जी त्यांनी खाटेवर पडून शंभरदा म्हणून पाहिलीय. ते घसा खाकरतात.

"राजेशम, ते त्या दिवशी कट्ट्यावर मी जे..."

"थांब."

"नाही, ऐकून घे. मला..."

"थांब म्हणतो ना बे. तुझं एक वाक्य म्हणजे अर्धा तास. तेवढा वेळ नाही. कालचंही मला माहीत आहे. मास्तर, बॅटरी, सगळं."

नाना खाली बघतात. खाली फरशी आहे, शहाबादी, आणि फरशीच्या फटीतून बुज्जी वर येते. गाल टम्म फुगलेले.

"ही," नाना बोट दाखवतात, "हिनं तर गिळली. सकाळी खाल्लं हिनं."

"घाबरलेली बाई काय करते? माहेरी येते. पहाटेच आली. पोरं इथं ठेवली, तुझ्याकडं जाऊन दोन घास खाल्ले, परत आली. अठरा दिवसांची उपाशी, तिला काय नावं ठेवतो."

"मग आता?"

"आता कुणीतरी ही पोरं परत न्यायला पाहिजेत. हिच्यानं एवढ्या ओझ्यानिशी दोनदा वाट व्हायची नाही. मी न्यावी तर माझ्या तोंडात गेलेलं तिकडं परत येत नाही. तो नियम आहे." राजेशम माग थांबवतो. मासे जिथल्या तिथं उभे राहतात. "राहिलास तू."

"मी?"

"तोंड मोठं आहे की तुझं. आख्खं गाव मावतं त्यात."

राजेशम नानांसमोर उकिडवा बसतो, पोराला औषध पाजताना बसतात तसा. "तीन गोष्टी. बोलायचं नाही. हसायचं नाही. गिळायचं नाही. सतरा आहेत. उघड."

नाना तोंड उघडतात. बुज्जी त्यांच्या ओठाशी येते, एकदा त्यांच्या डोळ्यांत बघते. कालची बॅटरी ती विसरलेली नाही हे त्या बघण्यात स्वच्छ दिसतं. मग ती आपलं तोंड त्यांच्या तोंडाला लावते आणि एकेक पोर आत सोडते. तांदळाच्या दाण्याएवढी, पण शेपटीसकट. एक जिभेखाली जाऊन बसतं, दोन दाढेच्या खड्ड्यात, एक टाळ्याला गुदगुल्या करतं. राजेशम मोजतोय, "...पंधरा, सोळा, हे शेंडेफळ, सतरा. मीट."

नाना तोंड मिटतात.

कारखाना संपतो आणि सात नंबरची बस सुरू होते. मध्ये काही नाही. नाना दांडा धरून उभे आहेत, खांद्याला चामड्याची पिशवी आहे, आणि बस खिडक्यांपर्यंत पाण्यानं भरून डुलत डुलत चाललीय. सीटवर राजेशम बसलाय, मांडीवर पुठ्ठ्यांचा गठ्ठा. पुढं एका बाईच्या अंबाड्यातली अबोली सुटून वर तरंगतेय आणि बाई ती पुन्हापुन्हा खाली ओढतेय.

"कंडक्टर, पुढचा स्टॉप कुठला?" ती विचारते.

नाना मान हलवतात.

"अहो मास्टर, तुम्हालाच विचारते. पुढचा स्टॉप?"

तीस वर्षांत नानांनी स्टॉपचं नाव चुकवलेलं नाही. झोपेतसुद्धा बायकोला, गोदाबाईला, कोपरानं ढोसून ते "उतरा, उतरा, आसरा चौक" म्हणतात. आता नाव जिभेच्या टोकावर आहे, पण तिथं एक पोर बसलंय. नाना खिडकीकडं बोट दाखवतात. खिडकीतून कंबर तलाव जातोय, उलटा, वर पाणी खाली आकाश.

"मुका कंडक्टर दिलाय बसला," बाई शेजारणीला म्हणते.

राजेशम पुठ्ठ्यांमागं तोंड लपवून हसतो. नानांना हसू येतं. ते ओठ दाबतात, नाकातून एक बुडबुडा सुटतो आणि डोळ्यांतून पाणी.

मग खरी परीक्षा येते. मागच्या सीटवर टोपीवाला एक जण दुसऱ्याला सांगायला लागतो, "ह्याच बसमध्ये एकदा कंबर तलावातलं कासव चढलं होतं. कंडक्टरनं त्याला तिकीट फाडलं."

नानांचे कान टवकारतात. ही त्यांची गोष्ट आहे. अठ्ठावीस वर्षं सांगताहेत.

"पूर्ण तिकीट," टोपीवाला म्हणतो.

अर्धं. अर्धं तिकीट. कासव उंचीनं कमी भरलं म्हणून अर्धं, आणि गोष्टीची सगळी गंमत त्यातच आहे. नानांचे गाल थरथरतात.

"आणि ते कासव स्टेशनला उतरलं," टोपीवाला पुढं जातो.

स्टेशनला काय करायचंय कासवाला. ते भुईकोटाच्या खंदकाजवळ उतरलं, पाहुण्यांकडं बारशाला. नानांचे कान तापतात. ते दांड्याला कपाळ टेकतात. तोंडातली सतरा पोरं एकदम ढवळतात, जणू त्यांनाही शेवट माहीत आहे.

"मग कासवानं काय केलं?" दुसरा विचारतो.

"काही नाही," टोपीवाला म्हणतो. "गेलं."

असा शेवट. नानांच्या डोळ्यांसमोर अंधारी येते. त्या कासवानं उतरताना मागं वळून जे उत्तर दिलं होतं, त्यावर बनसोडे मास्तर एकदा खुर्चीवरून पडले होते. आणि इथं म्हणे, गेलं. नाना पिशवीचा पट्टा दातांत धरायला बघतात, पण दात उघडता येत नाहीत. शेवटी ते राजेशमकडं बघतात. राजेशमचं हसणं थांबलंय. तो उठतो, त्यांच्या पाठीवर हात ठेवतो आणि हळू म्हणतो, "गोष्ट गेली तर पुन्हा सांगता येते, दिग्या."

नाना नाकानं श्वास घेतात. एक, दोन, तीन. पोरं निवतात.

राजेशम दोरी ओढून घंटी देतो. बस नानांच्या खाटेच्या पायथ्याशी थांबते. पायरीखाली पाणी नाही. तिथं गोदाबाईच्या हातची सारवलेली उन्हं पडलीत, आणि उन्हात त्यांच्याच घरची फरशी.

"मी इथपर्यंतच," राजेशम म्हणतो.

नाना पायरीवर अडतात.

"मघाशी काय म्हणत होतास?" राजेशम विचारतो. "कारखान्यात. तेव्हा वेळ नव्हता. आता आहे. बोल."

त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नाही. नानांना कळतं, हा खरंच विचारतोय. आणि पुन्हा विचारायला हा येणार नाही. शंभरदा घोकलेले शब्द छातीतून निघतात, घशात येतात, रांगेनं उभे राहतात. माझं चुकलं. तुला अग्नी देताना मी घरातच बसून होतो, चुलीशी, कारण तुझ्या मेल्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. एवढं फक्त म्हणायचंय. दोन श्वासांचं काम. ओठ केसभर उघडतात.

दातांमागं शेंडेफळाची शेपटी लागते. ते पोर उजेडाकडं निघालंय.

नाना ओठ मिटतात.

आत रांगेत उभे असलेले शब्द एकेक करून खाली बसतात. नाना राजेशमचा हात धरतात, पुठ्ठे टोचून टोचून बोटं खडबडीत झालेला तो हात, आणि आपल्या फुगलेल्या गालावर दाबून ठेवतात. गालाच्या आत सतरा पोरं वळवळताहेत. राजेशम तळहातानं ती ऐकतो. बराच वेळ. बसमधली बाईसुद्धा स्टॉप विचारायची थांबते.

"चाळीस वर्षं तू मला काय काय सांगत आलास बे," तो शेवटी म्हणतो. "त्यातलं आजचं मला पूर्ण पटलं."

मग तो हात सोडवून घेतो, नानांच्या पाठीत एक धपका घालतो, कंडक्टर पॅसेंजरला घालतो तसा, आणि म्हणतो, "चल, उतर. मागं गर्दी आहे."

"अहो. चार वाजले. उठताय ना?"

गोदाबाई खांदा हलवतेय. पंचा जमिनीवर पडलाय. बुडबुड चालू आहे. नाना डोळे उघडतात, छताचा पंखा बघतात, तो पंखाच आहे. स्वप्न म्हणायचं तर म्हणा. नाना तसं म्हणणारच असतात, पण म्हणायला तोंड उघडत नाही. गालात काहीतरी हललंय.

"चहा ठेवलाय. का हो? गाल सुजलाय का?"

नाना उठतात.

"दाढ आहे का? दाखवा बघू. अहो, बोला की. ह्या माणसाला झालंय तरी काय?"

नाना टाकीचं झाकण काढतात, चष्मा काढून गोदाबाईच्या हातात देतात आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड पाण्यात घालतात. बोअरचं जड पाणी नाकात जातं. ते तोंड उघडतात.

गोदाबाई काचेच्या ह्या बाजूनं बघतेय. नवऱ्याच्या ओठांतून आधी एक निळा ठिपका येतो, इकडंतिकडं बघतो आणि फरशीकडं जातो. मग दुसरा. मग तीन एकदम. गोदाबाईनं पंचेचाळीस वर्षं ह्या माणसाच्या थापा ऐकल्यात, कासवाची गोष्ट तर भाकऱ्या थापताना तिला पाठ झालीय, आणि एकीवरही तिनं विश्वास ठेवलेला नाही. ती बोटांवर मोजायला लागते. पंधरा. सोळा. शेवटचं जरा वेळ ओठावर रेंगाळतं. सतरा. कोपऱ्यातून बुज्जी बाहेर येते आणि त्यांच्याभोवती एक फेरी मारते.

नाना डोकं वर काढणार, एवढ्यात फाटक वाजतं.

"नाना, आहात का?" बनसोडे मास्तरांचा आवाज. मागं तीन-चार जोड्यांच्या चपला. "काय म्हणते तुमची आफ्रिका? ह्या दोघांना दाखवायला आणलंय. बॅटरी आणलीय."

हे मासे पोहायला लागले तरी काही दिवस जरा भीती वाटली की आईच्या तोंडात परत शिरतात. मास्तरांचा आवाज पाण्यात उतरतो आणि सतराच्या सतरा निळे ठिपके जागच्या जागी वळतात. समोर तोंडं दोन. एक बुज्जीचं, एक नानांचं. पोरं क्षणभर विचार करतात आणि मोठ्याकडं धावतात.

नाना पाण्यातून वर येतात. ओठ मिटलेले, गाल टम्म, मिशीतून पाणी ठिबकतंय. मास्तर दारात पोचलेत. आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट नानांच्या तोंडात आहे, तीही खरी, तीही साक्षीदारासकट, आणि ऐकणारे आपल्या पायांनी चालून आलेत.

नाना गोदाबाईकडं बघतात.

गोदाबाई पदर खोचते आणि दारात जाऊन उभी राहते, चौकट भरून.

"दाढ काढलीय ह्यांची," ती म्हणते. "दोन दाढा. आत्ताच डॉक्टरकडनं आलोय. आठ दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलंय, बोललात तर जबडा कायमचा बसेल म्हणाले. आणि मासे म्हणाल तर ते सकाळीच गेले, कुंडीत पुरले, वर तुळस लावली."

"अरेरे," मास्तर म्हणतात. "कुठल्या डॉक्टरकडं?"

"मिरजेच्या," गोदाबाई म्हणते. "घोड्यांच्या दाढा काढतात ते. ह्यांचं तोंड बघून इथल्यांनी हात टेकले."

मास्तरांना ते पटतं. चपला परत वाजतात, फाटक लागतं.

गोदाबाई आत येते, खिडकीला चादर लावते, खाटेशी स्टूल ओढून बसते. नाना तोंड पाण्यात घालून बघतात, पण पोरं आता बाहेर यायला तयार नाहीत.

"किती दिवस?" ती विचारते.

नाना तीन बोटं दाखवतात. मग थोडा विचार करून चौथंही.

"तोवर उपाशीच?"

नाना मान डोलावतात.

"बरं," गोदाबाई म्हणते. ती उठते, नानांच्या कपातला चहा स्वतःच्या कपात ओतून घेते आणि परत स्टुलावर येऊन बसते. "मग तोवर मी बोलते. तुम्ही ऐका. तर त्या कासवाचं असं झालं..."